कडं भरेपर्यंत

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आधी या वहीची माफी मागते. शेवटची नोंद मार्चमधली आहे. त्यानंतर आठ महिने एक ओळ नाही. कारणं शोधली तर सापडतील: लेक रुचाची परीक्षा, नवरा श्रीकांतच्या प्लांटमधल्या शटडाउनची धावपळ, आखातातल्या या जुबैलचा उन्हाळा. खरं कारण वेगळं. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि तेच रोज लिहायची लाज वाटत होती. आज घडलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर मी नोकरीवर रुजू झाले.

जागा जुबैलहून रास तनुऱ्याकडे जाताना लागते, अगदी समुद्राला चिकटून. बाहेरून गोदाम, आत खाजगी संग्रहालय. अजून उघडलेलं नाही. मालकांना सगळे अबू उसामा म्हणतात. आयुष्यभर प्लांटना परांच्या पुरवल्या, आता धंदा मुलगा बघतो आणि हे आपला नाद पुरवतात. नाद असा, की महायुद्धातल्या जपानी नौदलाच्या विमानांच्या फक्त मागच्या मशीनगन जमवायच्या. अख्खी विमानं नकोत, पुढच्या गनही नकोत. का, असं मी विचारलं. म्हणाले, लहानपणी वडिलांच्या पिकअपच्या हौद्यात मागे तोंड करून बसायचो, तेव्हापासून मागे बसणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहे. मला माणूस आवडला.

माझं काम गंजाचं. समुद्रातून काढलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं, ते बाहेर काढायचं, धातू वाचवायचा, आणि शेवटी प्रत्येक गन कायमची निकामी आहे असं तपासून सही करायची. पुण्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं पाइपांचा गंज मोजला. गंज तोच, पाइप वेगळे.

इथे दुसरं माणूस एकच, फकरुद्दीनभाई. फोरमन, स्टोअरकीपर, ड्रायव्हर, सगळं तेच. दाभोळकडचे, वय अठ्ठावन्न, इथे एकतीस वर्षं. कंपाउंडातच एका खोलीत राहतात. मराठी ऐकताच त्यांनी माझी ‘मॅडम’वरून ‘ताई’ केली. साखर किती, विचारलं. मी दोन चमचे म्हटल्यावर म्हणाले, डॉक्टरनं माझी बंद केलीय, तर माझ्या वाटणीचीपण तुम्हालाच घालतो. त्यांचं फायनल एक्झिट लागलंय, नोकरी संपवून कायमचं घरी. सत्तावीस तारखेला दम्मामहून विमान. घरी हफीजाभाभींनी अंगणात नवी फरशी घालून घेतलीय आणि ती ह्यांना फोनवर रोज दाखवतात. एकतीस वर्षांत बायकोबरोबर सलग दोन महिने राहिलो नाही, म्हणाले; आता ती कंटाळेल, मग मजा येईल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज मुख्य नमुना नीट पाहिला. तीन माणसांच्या बाँबर विमानाचा मागचा भाग, एका खाडीच्या गाळातून काढलेला. तिघं एकामागे एक बसायचे. पहिला चालक, मधला दिशा सांगणारा, आणि शेवटचा मागे तोंड करून. हा शेवटचा बिनतारी यंत्र चालवायचा आणि हल्ला झाला की गन धरायचा. म्हणजे उरलेल्या दोघांच्या पाठीला पाठ.

गनचं नाव ब्याण्णव. जपानी पंचांगाचं २५९२ साल, आपलं १९३२. आतली रचना त्याच्याही आधीच्या युद्धातल्या ब्रिटिश गनची. वर थाळीसारखी गोल मॅगझिन, तीत सत्त्याण्णव गोळ्या, त्याही साध्या रायफलच्या. थाळी संपली की वाऱ्याच्या झोतात ती काढून दुसरी बसवायची. समोरच्या विमानाच्या पंखांत सहा-सहा जड गन असायच्या. मी अबू उसामांना विचारलं, मग हिचा उपयोग काय. ते म्हणाले, पाडायचं नसतंच, लांब ठेवायचं असतं. पुढच्याला मागे वळता येत नाही. कोणीतरी मागे बघतंय एवढ्यावर तो पुढे बघतो.

नेम धरायला नळीवर एक धातूचं कडं आहे. व्यास सहा सेंटीमीटर, डोळ्यापासून साठ. शत्रूच्या विमानाचे पंख साधारण बारा मीटर धरायचे. पंखांनी कडं पूर्ण भरलं की ते एकशेवीस मीटरवर आलं. कड्यावर मी मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी चिकटवली. तपासणीच्या रजिस्टरमध्ये नेमाचाही रकाना आहे आणि रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही.

माझ्याआधी हे काम जमालुद्दीन नावाचे गृहस्थ करत, महाडचे. रजिस्टर ऑगस्टमध्ये मध्येच थांबतं. फकरुद्दीनभाईंना विचारलं तर म्हणाले, गेला तो. गावी गेला असं मी समजले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा त्या जागेवर बसले. साडीचा प्रश्न नव्हता, कामाला पॅंट घालतेच, तरी आत शिरताना गुडघ्यांनी वय सांगितलं. बसल्यावर समोर गोदामाची मागची भिंत, पांढरी, कोरी, सव्वीस मीटरवर. मी टेपने मोजली आहे. दार माझ्या पाठीमागे.

कड्यातून पाहिलं तर मधोमध एक काळा ठिपका. रुंदी तीन मिलिमीटर. कड्याच्या बाहेरून पाहिलं तर भिंतीवर काही नाही. डोकं हलवलं, डोळा बदलला, ठिपका जागच्या जागी. चाळिशीनंतर डोळ्यांत असे कण तरंगतात, पण ते डोळ्याबरोबर हलतात.

सूत्राने चोवीसशे मीटर आलं. लिहिलं आणि मग स्वतःचंच हसू आलं. खोडलं मात्र नाही. घेतलेलं माप खोडायचं नाही हे प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. वाचायचा नंबर वाढलाय, बाकी ठणठणीत. रुचा म्हणाली, ‘Mamma, you just need sleep.’

आज ठिपका पाच मिलिमीटर. चौदाशे चाळीस मीटर.

एका माणसाचं माप हे माप नसतं. दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता घेतलेलं माप जुळलं, तरच ते लिहायचं. वीस वर्षं या नियमावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा आहे. फकरुद्दीनभाईंना म्हटलं, दोन मिनिटं बसा. त्यांनी आधी कंबर दुखते म्हटलं. मग गुडघे. मग असरची नमाज जवळ आली म्हणाले, तिला चांगला पाऊण तास होता. मी ऐकलं नाही. रुचाला जो आवाज लावते तो लावला. एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला, आठ दिवसांच्या नोकरीवर.

ते बसले. मी चिठ्ठीवर आकडा लिहिला, त्यांनी त्यांच्या चिठ्ठीवर, आणि बरोबर उघडल्या. पाच आणि पाच. मला इतका आनंद झाला की मी हसले. ते हसले नाहीत. झालं ना ताई तुमचं, एवढंच म्हणून नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सहा मिलिमीटर. बाराशे मीटर.

मागच्या पत्र्याला भोक असावं आणि त्यातून बाहेरचं दृश्य येत असावं, असा तर्क केला. शिडी लावून भिंत तपासली. भोक नाही. बाहेरून फिरून आले: भिंतीमागे सत्तर-पंचाहत्तर मीटर वाळू, मग समुद्र. बाराशे मीटरवर पाण्यात एक बार्ज नांगरलेली दिसते. तीच, असं लिहून रकाना भरला.

आता घरी बसून वाचते आहे आणि हे उत्तर मी कुठल्याही विद्यार्थ्याकडून घेतलं नसतं. भिंतीतून बार्ज दिसत नाही.

फकरुद्दीनभाईंच्या शर्टाची पाठ रोज सकाळी ओली असते. घाम म्हणतात. नोव्हेंबरमध्ये, एसीत.

रविवार, १६ नोव्हेंबर

आठ मिलिमीटर. नऊशे मीटर.

गनमधून किती मीठ निघालं हे आम्ही रोज तपासतो. टाकीतल्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं; जितकं जास्त, तितकं दाट. आज मला माझीच पाठ ओली लागली. कुर्ता बदलला, काढलेल्याचा मागचा भाग डिस्टिल्ड पाण्यात पिळला, थेंब टाकले. घामातही मीठ असतं, म्हणून शेजारी कॉलरचा भाग पिळून तोही नमुना ठेवला. कॉलरचं पाणी किंचित गढूळ. पाठीचं दह्यासारखं.

मग मागच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी आणून तेवढंच पातळ करून पाहिलं. तसंच, दह्यासारखं.

तीनही नळ्या रॅकमध्ये ओळीने ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. श्रीकांतला सांगावं का? तो विचारेल, निष्कर्ष काय. निष्कर्ष माझ्याकडे नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एक चांगली गोष्ट. गनचा बोल्ट मोकळा झाला. ऐंशी वर्षं गाळात अडकलेला, आज हाताने मागे ओढला आणि चाप दाबताच खाडकन पुढे आला. नळीत वेल्डिंगचं बूच आहे, फायरिंग पिन काढलेली आहे, त्यामुळे तो नुसता आवाज. पण काय आवाज. फकरुद्दीनभाईंच्या हातातला कप हिंदकळला. म्हणाले, ताई, आता तुम्हाला मिलिटरीत घेतील. इकामा, इथं राहायचा परवाना, मात्र नवा लागेल.

रजिस्टर पुन्हा वाचलं. मी दिवसभर कड्यातून अधूनमधून बघते, त्या तासांत ठिपका वाढत नाही. वाढतो तो रात्री, आणि शुक्रवार-शनिवारी जास्त. म्हणजे कोणी बघत नसताना. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण आकडे माझे आहेत आणि त्यातल्या एकावर दोघांच्या सह्या आहेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दहा मिलिमीटर. सातशेवीस मीटर.

फकरुद्दीनभाईंना धीर द्यायला हिशेब दाखवला. म्हटलं, काहीही असो, अजून पाऊण किलोमीटर लांब आहे आणि तुम्ही पुढच्या गुरुवारी जाताय. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, लांब आहे हे कशावरून काढलंत. मी समजावलं: पंख बारा मीटर धरले, कड्यात इतके दिसले, म्हणून अंतर इतकं.

ते म्हणाले, “ताई, त्याला पंख हायत असं कोण बोललं?”

मी म्हटलं, सूत्रात तसं धरतात. त्यांनी मान हलवली आणि पिकअप धुवायला गेले. मला थोडा राग आला. आता घरी बसल्यावर, राग कशाचा आला, ते शोधते आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

वीस मिलिमीटर.

आता त्याला आकार आहे. बसल्या बसल्या मी कड्यातून पाहिलं आणि आधी सवयीने भागाकार केला: तीनशे साठ मीटर. मग आकार पाहिला. वर एक गोल. खाली दोन्हीकडे उतरते खांदे. पंख नाहीत.

माणसाचे खांदे. अर्धा मीटर, फार तर.

सगळे आकडे पुन्हा मांडले. पहिल्या दिवसाचे चोवीसशे मीटर म्हणजे खरे शंभर. तिथे भरतीची रेघ आहे. बाराशेचे पन्नास. सातशेवीसचे तीस, म्हणजे भिंतीच्या चार मीटर बाहेर. आणि आजचे तीनशे साठ नाहीत. पंधरा आहेत.

भिंत सव्वीसवर आहे.

तीन आठवडे मी त्या कड्याला विमान दिसतंय असं धरून चालले, कारण कडं विमानासाठी बनवलेलं होतं. रुंदी काय, हा पहिला प्रश्न. तो मी विचारला नाही. तो सातवी शिकलेल्या माणसाने विचारला आणि मी त्याच्यावर रागावले.

हाक मारली. ते आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता म्हणाले, उठू नका, मी दुसरी खुर्ची आणतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

फकरुद्दीनभाईंनी काल सगळं सांगितलं.

जमालुद्दीन गावी गेले नाहीत. ऑगस्टमध्ये फाटकाच्या वाटेवर पालथे सापडले, गोदामाच्या दारापासून तीस पावलांवर. डॉक्टरांनी हृदय म्हटलं, उन्हाचं म्हटलं, तेही खरं असेल. पण शर्टाची पाठ चिंब होती आणि तिला तळातल्या गाळाचा वास होता. ऑगस्टच्या दुपारी त्या अंगणात सांडलेलं पाणी दहा मिनिटं टिकत नाही. जमालुद्दीन आधी त्यांना सांगत असत, जो कड्यातून बघतो त्याच्याच मागे येतं, लांब आहे तोवर सावकाश. कडं भरलं की मग सावकाश नाही. त्यांच्या जागी बघत राहायला दुसरं कोणी नव्हतं. उठायचं म्हणजे पाठ करायची. शेवटी पाठ केली आणि पळाले.

मी विचारलं, हे माहीत असून तुम्ही बसलात का. ते म्हणाले, तुम्ही मॅडमसारखं बोललात. मग म्हणाले, आणि दोन मिनिटंच बोललात.

माझ्या नियमासाठी मी या माणसाला इथे बसवलं. हे वाक्य मी तीनदा वेगळं लिहून पाहिलं. दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

आता दोघांपैकी एकालाच जाता येतं, दुसऱ्याने बघत राहायचं. त्यावर आज सकाळी भांडलो. ते म्हणाले, मी म्हातारा, तुमची मुलगी शाळेत आहे. मी म्हटलं, तुमचं तिकीट आहे, माझं नाही. शिवाय घरी जाऊ कशी? ह्याला मी रुचाच्या दिशेने नेणार नाही. मग हिशेब मांडला: रात्रीला सरासरी पाच मीटर. इथून दाभोळ अडीच हजार किलोमीटर. ह्याला तिथे पोचायला जवळपास चौदाशे वर्षं लागतील. त्यांनी विचारलं, नक्की? या वेळी रुंदी बरोबर धरलीत ना? मी म्हटलं, धरली. मग म्हणाले, चौदाशे वर्षं हफीजा मला घरात ठेवायची नाही.

दोघंही हसलो. मी कड्यावरून डोळा न काढता.

ठरलं असं: गुरुवारपर्यंत पाळी. रात्र त्यांची, दिवस माझा. तिसऱ्या कोणालाही कड्यातून बघू द्यायचं नाही. अबू उसामांना सांगितलं, औषधी लेप ओला आहे, आठवडाभर कोणी येऊ नये. रात्री थोडी झोप इथल्याच ऑफिसात. श्रीकांतला फोनवर, उद्घाटनाची घाई आहे म्हटलं. तो म्हणाला, तुमच्याकडेपण शटडाउन असतो का. ही दोन खोटी आहेत आणि ती माझी आहेत.

चोवीस मिलिमीटर. साडेबारा मीटर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तीस. दहा मीटर.

बघत असतानाही येतं. पापणी मिटते तेवढ्यात. चहाचा घोट घेताना. लिहायला खाली पाहते तेव्हा — आत्ता — म्हणून छोटी वाक्यं. एक ओळ, मग वर. थाळी बदलताना शत्रू जवळ यायचा, हे तेच.

तोंड दिसत नाही. समोरून आहे की पाठमोरं, कळत नाही. अंगावरून पाणी गळतं, जमिनीवर डाग पडत नाही.

फकरुद्दीनभाईंनी सकाळी जागा सोडताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी डोळा लावल्यावरच काढला. असा बदल करतो आम्ही.

भीती आहे. ती आहे म्हणून लिहिते. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी आहे, ते मी आज ओळखलं. मला चीड आली आहे. एकतीस वर्षं लोकांची ओझी वाहून माणूस घरी निघालाय. त्याच्या पाठीवर यायचा ह्याला काय हक्क —

बुधवार, २६ नोव्हेंबर

चाळीस. साडेसात.

रिकामी थाळी चढवली. बोल्ट ओढला. नेम छातीवर. चाप.

खाडकन.

ते थांबलं. मग — पट्टीवर बघून लिहिते, मनाने नाही — अडतीस. मागे सरकलं. हा आवाज ते ओळखतं.

पुन्हा. सदतीस. पुन्हा. सदतीस. पुन्हा, काही नाही. त्याला कळलं बहुतेक, गोळी नाही. तरी मी ओढत राहिले. हाताला फोड आले. पाडायचं नसतंच.

फकरुद्दीनभाई मागे उभे राहून एकेक मोजत होते. ब्याण्णव, त्र्याण्णव. सत्त्याण्णव झाल्यावर म्हणाले, थाळी संपली ताई, आता चहा.

त्यांनी बॅग भरली. दोरी बांधली. नाव मोठ्या अक्षरात. म्हणाले, मी जात नाही. मी म्हटलं, तुम्ही गेला नाहीत तर मी इथे कशासाठी बसले? त्यांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, दाभोळला या. फरशीवर बसवतो. खुर्ची नाही देणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी आठ. टॅक्सी आली. वळू शकले नाही. पाठीमागे त्यांचा आवाज — अल्लाच्या हवाली, म्हणाले. मी म्हटलं, मागे बघू नका, मी बघतेय. दार वाजलं.

पंचेचाळीस.

दहा. दम्मामला पोचले. फोन कानाशी, डोळा कड्याला. सामान दोन किलो जास्त भरलं, काउंटरवाल्याने सोडून दिलं. माझी पाठ कोरडी आहे ताई, म्हणाले. कोरडी.

माझी नाही.

बारा. पन्नास. सहा मीटर. वास येतो आता. गाळ, डिझेल. शंभर वेळा चाप. हलत नाही.

दीड. अबू उसामांचा फोन, दाखल्यावर सही कधी. म्हटलं, सही करणार नाही. कारण? म्हटलं, ही गन निकामी नाही. ती चालू आहे. तिच्यावर माणूस आहे. त्यांनी विचारलं, मुली, तू मागे बघत बसली आहेस का. हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

तीन. पंचावन्न —

ते पाठमोरं नाही. तोंड आहे. तोंडाकडे बघायचं नाही ठरवलं. छाती. कडं छातीवर.

ये. बघतेय मी. मी डोळे मिटणारी —

चार वीस. विमान सुटायची वेळ. फोन बंद लागतो. बंद म्हणजे आत बसले.

चार चाळीस. मोबाईलवर विमानाची खूण. समुद्रावर. पाण्याच्या पलीकडे निघाली.

गेले. त्यांची पाठ कोरडी.

साठ. कडं भरलं. पाच मीटर. आता ते फक्त माझ्याकडे —

गन खाचेतून उचलली. साडेआठ किलो. उचलते. कडं डोळ्यासमोर धरून चालता येतं, करून पाहिलं. दार पाठीमागे अडतीस पावलं. मोजलेली आहेत. जमालुद्दीन पाठ करून गेले. मी पाठ करणार नाही. उलट्या पावलांनी, एकेक. दारापर्यंत, मग फाटक, मग जिथवर हात पुरतील —

वही खिशात घालते. शेवटची ओळ, मग वर.

उद्या: हफीजाभाभींना फोन. भाई पोचले का, एवढंच विचारायचं —